मूळला हात लावायचा न्हाई

लेकीच्या लग्नाचे फोटो घेऊन मी माजलगावला गेलो, तेव्हा माझ्या मेव्हण्यानं तो पेनड्राइव्ह सांडशीनं उचलला. दुधाचं पातेलं उतरवायची, टोकाला काळी पडलेली, रोजच्या वापरातली सांडशी. ती डोळ्यांसमोर धरून त्यांनी पेनड्राइव्ह दोन्ही अंगांनी पाहिला आणि मला विचारलं, "दाजी, हे लेकरू कुनाकुनाच्या घरी जाऊन आलंय?"

"फोटोग्राफरकडून आमच्या घरी. आमच्या घरून इथं."

"मधी?"

"मधी कुठं नाही."

"झेरॉक्सवाल्याकडं?"

मी सांडशीकडं बघितलं. एकदा गेलो होतो, आधार कार्डाची प्रत काढायला.

"गेलतं," अप्पा म्हणाले. समाधानानं म्हणाले. आपला संशय खरा ठरला की त्यांच्या चेहऱ्यावर आंघोळ करून आल्यासारखी टवटवी येते.

वैजनाथअप्पा म्हणजे माझ्या बायकोचे, मंगलचे, थोरले भाऊ. साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर त्यांची तीस वर्षं गेली. ज्यांनी उसाची गाडी कधी काट्यावर नेली नाही त्यांच्यासाठी सांगतो: काट्यावर गाडी दोनदा तोलतात. आधी भरलेली, मग ऊस खाली करून रिकामी. भरल्यातून रिकामं वजा केलं की तुमचा ऊस. एवढ्या साध्या वजाबाकीवर अख्ख्या तालुक्याचा विश्वास नसतो. गाडीवान येताना बाहेरच्या काट्यावर तोलून येतो, त्याचा भाऊ खिडकीतून आत डोकावतो, आणि दोघं मिळून काटेवाल्याकडं असं बघतात, जणू काटेवाल्यानं मांडीखाली उसाची दोन टिपरं दाबून ठेवली आहेत. तीस वर्षं असं बघून घेतलेल्या माणसानं पुढं जगाकडं तसंच बघितलं, तर त्यात त्याची काय चूक?

अप्पा सगळ्या गोष्टींचं रिकामं वजन विचारतात. पेढे आणले तर आधी पुठ्ठ्याचा डबा तोलतात. कुणाची तारीफ केली की म्हणतात, "ते झालं भरलेलं. रिकामं किती?" मी मंगलला बघून गेलो, त्यानंतर चारच दिवसांनी पालीला माझ्या शाळेत एक गृहस्थ पालक म्हणून आले. भूगोलाचे सर वर्गात झोपतात का, असं त्यांनी मुख्याध्यापकांना विचारलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. दारात अप्पा उभे. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हायत. खरंच मास्तर हायत." लग्न जमलं. वर्गातल्या झोपेची चौकशी मात्र पुढं दोन महिने चालू राहिली.

तर असा माणूस संगणकाच्या वाटेला गेला, तेव्हा तो संगणकाच्या आत आणखी संगणक करून त्यांच्यावर पहारा देत बसला, याचं आम्हाला नवल वाटलं नाही. कारखान्यात काट्याला संगणक जोडला तेव्हापासून अप्पांनी हे वेड लावून घेतलं. घरच्या संगणकावर विंडोज नाही, लिनक्स. का, तर त्याच्या पोटात काय आहे ते उघडून बघता येतं म्हणून. माझं या विषयातलं ज्ञान "हँग झाला" या दोन शब्दांपाशी संपतं, त्यामुळं पुढचं मला जसं उमगलं तसं सांगतो.

पण त्याआधी मी तिथं का गेलो ते सांगायला हवं. फोटो हे निमित्त होतं. मी हेर म्हणून गेलो होतो.

सुमनवहिनी म्हणजे अप्पांच्या पत्नी. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, जीभ जड झाली. ज्या बाईच्या रांगोळीसाठी अख्खी गल्ली दिवाळीची वाट बघायची, ती बाई भिंतीकडं तोंड करून पडून राहायला लागली. मग कधीतरी अप्पांनी त्यांना घरातल्या संगणकावर बसवलं. चित्रं काढायचं काहीतरी त्यात होतं, त्यात वहिनी डाव्या हातानं रांगोळ्या काढू लागल्या. साडेदहा ते साडेअकरा. त्या एका तासासाठी त्या उठतात, आंघोळ करतात, साडी बदलतात, वेणी घालून घेतात. बाकी कशासाठी नाही. तो तास बंद पडला तर बाई परत भिंतीकडं वळेल, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. 

आणि मंगलला शेजारच्या बाईनं फोनवर सांगितलं, की तुझा भाऊ रोज सकाळी आंघोळ झाली की संगणकाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावतो. पंधरा-वीस मिनिटं. वहिनींनी दार वाजवलं तरी उघडत नाही.

"शेअर बाजार असेल," मी म्हणालो.

"अप्पा? त्यांचा सख्ख्या बहिणीवर भरोसा न्हाई, बाजारावर ठेवतील?" मंगल म्हणाली. "हे दुसरंच काहीतरी हाय. ते फोनवर गोड बोलून म्हाताऱ्यांना फसवणाऱ्या बाया असतात ना. नाहीतर मृत्युपत्र. वहिनीचं काय करायचं ते आत बसून ठरवतेत. तुमी जा आणि बघून या."

"मी कसा बघू?"

"शाळेत पोरांच्या कॉप्या कशा धरता?"

धरत नाही, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

तर पेनड्राइव्ह सांडशीत. अप्पांनी तो संगणकाला लावला आणि पडद्यावर एक यादी उघडली. त्यात चार नावं होती. गेट, कोठार, सुमन, मूळ.

"हे चार कंपूटर," अप्पा म्हणाले.

"कुठंयत?"

"ह्याच्यातच. एकेकाची डिस्क म्हंजे निस्ती एक फाइल. पर आत बसलेल्याला वाटतं, आपली अख्खी डिस्क हाय. हे गेट. भाईरचं कुनी आलं की हितवरच. ऊस यार्डात घ्यायच्या आदी गाडी गेटावर थांबवतो का न्हाई, तसं. बघायचं, झाडायचं, मग गेट फेकून द्यायचं आन नवं लावायचं."

माझ्या लेकीचं लग्न गेटवर उघडलं. अप्पांनी फोटो बघितले, पण हार घालणारी नवरी सोडून ते फायलींची नावं वाचत होते.

"कोठारात बँकेचं काम. तिथं दुसरं काही उघडायचं न्हाई. आन आता मज्जा बघा." त्यांनी काळ्या खिडकीत काहीतरी टंकलं. "ह्या डिस्कचं आतलं वजन साठ जीबी. आतल्या यंत्राला इचारा, साठच सांगंल. आता भाईरून तोला. नऊ. जेवढं भरलंय तेवढीच जागा खातंय. आन लपवत न्हाई, दोनी वजनं लिवून ठेवतंय. तीस वर्सं काटा केला दाजी, असं इमानदार लबाड म्या बघितलं न्हाई."

मी मान डोलावली. आतून साठ आणि बाहेरून नऊ, हे वर्णन मला समोर बसलेल्या माणसाचंच वाटलं.

"आणि हे मूळ?"

अप्पांचा हात थांबला.

"मूळला हात लावायचा न्हाई."

"का?"

"मूळ खाली असतं. त्याच्यावर रोज एक पापुद्रा टाकायचा. जे काय लिवायचं, पुसायचं, मोडायचं ते पापुद्र्यावर. मूळ कोरं राहतं."

हे मला पटकन समजलं. वर्गात भिंतीवरच्या नकाशावर बटर पेपर लावून पोरांकडून नद्या गिरवून घेतो, तसं. सिंदफणा चुकली तर कागद फाडा, नकाशा शाबूत. "पण मग मूळमधे आहे काय?" मी शक्य तितक्या भोळेपणानं विचारलं.

"कावून?"

"सहज."

"सहज कुनी इचारत नसतंय," अप्पा म्हणाले.

तेवढ्यात खाली गॅसवाल्यानं हाक मारली. अप्पांनी खुंटीवरचा ताणकाटा घेतला, कारण त्यांच्या घरी सिलिंडर दारात लटकवून तोलल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही, आणि ते जिना उतरले. खाली "रिकामं किती छापलंय ते वाच आदी" असं सुरू झालं. म्हणजे दहा मिनिटं नक्की.

खोलीत मी, ती यादी आणि मंगलचा आदेश. "मूळ" या नावावर मी एकदा टिचकी मारली. बाजूला एक त्रिकोण होता. टेपरेकॉर्डरवर असायचा तसा. आमच्या पिढीला त्रिकोण दिसला की दाबावासा वाटतो.

पडदा काळा झाला, मग निळा, मग एक जुनं विंडोज उघडलं. मला वाटलं, आता बाई दिसणार, किंवा मृत्युपत्र. दिसली एक फिकट गुलाबी भिंत. तिच्यावर मधोमध एक फूल, लिंबाएवढं मोठं, खाली लिहिलेलं: रांगोळी. माउसचा बाण तर एवढा मोठा, की आमच्या मागच्या बाकावरच्या पोरांनाही दिसावा. बाकी काही नाही. शाळेच्या कपाटात चोरी करायला जावं आणि आत बालवाडीच्या पाट्या सापडाव्यात, तसं मला झालं.

बंद करायला गेलो. माउस माझ्या हाताला जुमानत नाही, त्यानं ते फूल पकडलं. फूल बाणाला चिकटून माझ्यामागं फिरायला लागलं. मी सोडलं ते नेमकं कचऱ्याच्या टोपलीवर. फूल गेलं. जिन्यात पावलं वाजली, आणि मी घाबरून बंद करायचं जे लाल चिन्ह दिसलं ते दाबलं. पडदा विझला. मी खुर्चीत बसून खिडकीबाहेरच्या मोंढा बाजाराकडं इतक्या तन्मयतेनं पाहू लागलो, की तेवढ्यानंच कुणालाही संशय यावा.

अप्पा आले. माझ्याकडं बघितलं. मग पडद्याकडं.

"हात लावला का?"

"कशाला?"

"दाजी. फायलीवर टायम पडतोय. नऊ बेचाळीस. तवा मी खाली सिलिंडर धरून हुतो."

मी कबूल केलं. तीस वर्षं पोरांना "खरं बोललास तर मारणार नाही" असं सांगत आलो, त्या वाक्यावर मी त्या दिवशी पहिल्यांदा भरवसा ठेवला. अप्पांनी मारलं नाही. ते खाली बसले. ताणकाटा मांडीवर ठेवला.

मग हळूहळू सांगू लागले. झटका आला त्याआधी वहिनी ज्या संगणकावर बसायच्या, त्याची डिस्क करकर वाजायला लागली होती. ती बंद पडायच्या आत अप्पांनी अख्खी एका फायलीत उतरवून घेतली, कारण वहिनींच्या डोक्यात फक्त तोच पडदा शिल्लक होता. नवं काही दाखवलं की त्या गोंधळायच्या. पण डावा हात. फूल हलायचं, कधी पुसून जायचं, कधी पडद्यावरचं सगळंच गायब. मग त्या "माझ्यानं मोडलं" म्हणून रडायच्या आणि आठ-आठ दिवस तिकडं फिरकायच्या नाहीत.

"म्हनून रोज नवा पापुद्रा," अप्पा म्हणाले. "रांगोळ्या येगळ्या डिस्कवर जात्यात, त्यांना हात न्हाई. पर पडदा रोज सकाळी कोरा. कालचं मोडलेलं फेकलं, आजचं लावलं. तिला वाटतं, आपल्यानं काहीच मोडलेलं न्हाई. दीड वर्सात तिनं काही मोडलेलं न्हाई, दाजी."

"आणि आता?"

"आजचा पापुद्रा सकाळी टाकला. तुमी त्याच्या खालचं मूळ हलवलं. आता ते त्याच्यावर बसतंय कशाला?" त्यांनी "सुमन"वर टिचकी मारली. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आल्या आणि तिथंच थांबल्या. मी बटर पेपर तसाच ठेवून खालचा नकाशा सरकवला होता. सिंदफणा आता कुठल्या कुठं वाहत होती.

"मूळला कुलूप नव्हतं?"

"असतंय. काल बाण मोठा केला तिच्यासाठी, म्हनून काढलं. लावायचं राहिलं." आयुष्यातली स्वतःची पहिली गफलत सांगताना अप्पा इतके म्हातारे दिसले, की मला तिथं बसवेना. भिंतीवर दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

मग अप्पा एकदम उठले. खाली स्वयंपाकघराकडच्या खोलीत गेले, ज्वारीच्या कोठीत कोपरापर्यंत हात घातला आणि एक स्टीलचा डबा काढून वर आणला. डब्यात फडकं, फडक्यात एक छोटी डिस्क.

"काल सांजच्याला मंगलचा फोन आला, दाजी येनारेत म्हनून," अप्पा म्हणाले. "तवाच मूळची कॉपी काढून ठेवली."

"माझ्यामुळं?"

"मग काय पावन्यासाठी?"

मेव्हण्यानं माझ्यावर दाखवलेला अविश्वास मला इतका गोड कधी लागला नव्हता.

"उतरवायला अर्धा तास लागंल. तिला खाली धरून ठेवा. कळू देऊ नका."

खाली वहिनी नेसून, वेणी घालून, स्वयंपाकघरात शेंगा फोडत बसल्या होत्या. एका हातानं शेंग पाट्यावर दाबायच्या, मग निवडायच्या. नजर घड्याळाकडं. मी समोर बसलो, शेंगा फोडू लागलो आणि बोलू लागलो. लग्नातल्या जेवणाबद्दल बोललो, व्याह्यांबद्दल बोललो, धरणाच्या पाण्याबद्दल बोललो. साडेदहा झाले. वहिनी उठायला लागल्या, तेव्हा मी घाईघाईनं विषय काढायला गेलो आणि तोंडातून निघालं, "वहिनी, माजलगावची जमीन काळी का, माहीत आहे का?"

वहिनी परत बसल्या. माझ्याकडं बघत राहिल्या. मग एकेक शब्द उचलून ठेवावा तसं म्हणाल्या, "दाजी. तुमी... हात लावला... का?"

नवरा-बायको दोघांनी मला एकच प्रश्न विचारावा, असं माझ्या चेहऱ्यावर काय लिहिलेलं असतं कुणास ठाऊक.

"कशाला?"

"ह्यांचा... चेहरा बघितला. जिन्यात." त्यांनी एक शेंग दाबली. "मला... म्हाईत हाय. रोज... जाग्यावर... बसवत्यात."

"तुम्हाला कसं कळलं?"

"मोडलेलं... आपोआप... नीट होतंय का... कुठं?"

मी हातातली शेंग न फोडताच दाण्यांत टाकली. त्या हसल्या. अर्धंच हसू येतं त्यांना, पण ते पुरेसं असतं.

"आता मोडत न्हाई... माझ्यानं. हात... बसलाय. ते फूल... मीच हलवते. उठताना."

"कावून?" मी विचारलं. घाबरलो की माझी भाषा सासुरवाडीला जाते.

"काटा सुटल्यापासून... ह्यांना काय... काम? कुनी... संशय घ्यायला बी... येत न्हाई." त्या दम घ्यायला थांबल्या. "एक दिवस... न्हवतं हलवलं. दिसभर... गप हुते. म्हनून... रोज. थोडं... जास्त. सांगू नका... त्यांना."

वरून अप्पांची हाक आली, "सुमन, येतीस का?" अगदी रोजच्यासारखी. फक्त मला त्यातला दम लागल्याचा आवाज कळला. वहिनींनी घड्याळाकडं न बघता पदर सावरला.

घरी आल्यावर मंगलनं विचारलं, तेव्हा मी सांगितलं, की अप्पा सकाळी कडी लावून संगणकावर पत्ते खेळतात. तिनं माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. बहीण कुणाची आहे. त्या दिवसापासून ती भावाला सोडून माझ्यावर लक्ष ठेवून आहे, आणि ठेवू दे. दोघांनी मला एकमेकांपासून लपवायला एकच गोष्ट दिली आहे, आणि शेंगा फोडून माझी बोटं अजून दुखताहेत.

पण निघतानाचं सांगायचं राहिलं.

वहिनी तासभर बसल्या. गुलाबी भिंत जागेवर होती, फूल जागेवर होतं. ठिपके पडत होते, रेघा जुळत होत्या. मी आणि अप्पा दारात उभे होतो. अप्पा माझ्या कानाशी आले.

"फेकायच्या आदी मी रोज कालचं उघडून बघतो," ते कुजबुजले. "काय काय मोडलंय ते. ते फूल आदी बोटभर सरकायचं. मग वीतभर. काल पार टोपलीपातुर गेलतं. हातात जोर येतोय, दाजी. तिला म्हनू नका. मोडतंय असं कळलं तर आखडून घेईल."

साडेअकरा झाले. वहिनींनी रांगोळी बंद केली. उठायच्या आधी क्षणभर थांबल्या, मग डाव्या हातानं उजव्या हाताचं मनगट धरलं, उचललं आणि माउसवर ठेवलं. उजवा हात. फूल हललं. मधेच थांबलं. परत हललं. पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, कोपऱ्यात जाऊन टेकेपर्यंत वहिनींनी ते नेलं.

अप्पांनी चौकट घट्ट धरली होती. काट्याच्या खिडकीतून गाडीवानाला सांगायचे त्याच आवाजात, पण तिला ऐकू जाणार नाही इतकं हळू, रिकामं किती हे न विचारता ते म्हणाले, "भरली. जाऊ द्या."